शकुनबाईनं सांगितलं, अन् मी हासली

मी निर्मलाबाई. करडीकडची. चवथी शिकली, तेबी अर्धी, मंग धान रोवाले लागली. मोबाईलवर लिवाले माझ्या पोरीनं शिकवलं. जसं बोलतो तसंच लिवून राहिली, चूक असन तं समजून घ्या.

तुमच्यातल्या गंज लोकायनं थो व्हिडिओ पाह्यला असन. डांबरी रोडवर, भर उनात, दोन बुढ्या बिनाचप्पलच्या. एक बुढी कढईतल्या फुटान्यावानी उडून राहिली अन् दुसरी पाटलीन असल्यावानी डुलत चालून राहिली. उडनारी मी. डुलनारी शकुनबाई, माझ्या रुपाची सासू, म्हंजे माझी इहीन. खाली तुमी लोकायनं का का लिवलं थे रुपानं मले वाचून दाखवलं होतं. एकानं लिवलं, याले म्हनते जुनं हाड. एकानं लिवलं, आदिवासी मानूस, ना शुगर ना बीपी. एका पोरीनं लिवलं का आजीची तब्येत पाहून मले माझी लाज वाटते.

शकुनबाईले सहा वर्सापासून शुगर होती. औषधाची गोरी खात होती रोज दोन टाइम.

शकुनबाई आता नाई. आखाडात गेली, रोवने चालू होते. जवाईबापू म्हंजे तिचा पोरगा धनंजय, थे थो व्हिडिओ काढून टाकनार होते. मी काढू नाई देल्ला. थे म्हने, मामी (आमच्याकडं जवाई सासूले मामी म्हनते), ठेवाचा असन तं खाली खरं का थे लिवा. म्हनून हे लिवून राहिली. जरा लांब झालं तं होऊ द्या.

आमी गोंड. आमच्यात इहिनी-इहिनी भेटल्या का एकमेकीची मस्करी कराच लागते. नाई केली तं बाया म्हनते का दोन्ही घरात काई बिनसलं वाटते. सरकं, म्हंजे सरळ, बोलाले नवरा हाये, पोरं हायेत, जावा हायेत. इहिनीसंग सरकं बोलाचं कामच नाई. रुपाच्या लग्नात पह्यल्यांदा तिनं माझी मस्करी केली. पंगतीत बसली, दालीच्या वाटीत वाकून पाह्यलं अन् मोठ्यानं म्हने का या दालीत मले माझं तोंड दिसून राहिलं, दाना मातर एकच दिसते, थोबी पोहून राहिला बिचारा. सारी पंगत हासली. मले राग नाई आला, पन उत्तर तं द्याव लागते. मी म्हटलं, इहीनबाई, तुमचं तं गावच पोहून राहिलं, तुमी दालीले कायले नाव ठेवता?

बोलली अन् जीभ चावली. कारन तिचं गाव खरंच पान्यात गेलं होतं. गोसीखुर्दच्या धरनात. घर, आंगन, पान्याची बोडी, मोहाचं झाड, देव सारे. वाढनारे थांबले. अन् शकुनबाई हासली. अशी हासली का ठसका लागला, तिच्या पाठीवर दोन बायायनं थापट्या मारल्या. म्हने, ही इहीन मले पावली. थ्या दिवसापासून चवदा वर्स आमी एकमेकीसंग एकबी गोठ सरकी नाई बोलली. हे मी अभिमानानं सांगत होती आतापर्यंत.

नव्या गावात सरकारनं घरं देल्ले, लायनीत, पट्टी ठेवून आखल्यासारखे. तिले थे कधी जमलं नाई. म्हने, इथं रातच्याले मानूस दुसऱ्याच्या घरात घुसन तरी त्याले पता नाई लागन. डाक्टरनं शुगर निंगाल्यावर सांगितलं का रोज चाला. मंग ती रोज सकारी उठून जुन्या गावाच्या रोडनं चालाले लागली. थो रोड दीड-दोन किलोमीटर जाते अन् मंग पान्यात उतरते. डांबरी रोड, सरका पान्यात. पुढं काईच नाई. तिथपर्यंत जाए, पान्याच्या काठावर जरा उभी राहे, वापस ये. कोनं विचारलं कुठं गेली होती, तं म्हने गावाले जाऊन आली. मी गेली का मलेबी घेऊन जाए. पान्याकडं हात करून सांगे, थे तिथं माझी चूल, तिथं आता मासोरी सैपाक करते, भाड्याचं बी देत नाई.

मी तेव्हाबी हासत होती. पन वापस येताना ती चूप राहे. थे मले दिसत होतं, विचाराचं नाई एवढंच.

भात सोडनं तिले चालन्यापेक्षा कठीन गेलं. धानाच्या मुलखात जलमली, भात नाई तं जेवली असं वाटतच नाई. डाक्टरनं सांगितलं एक कटोरी भात, बाकी भाकर, भाजी. तिनं एक कटोरी धरली. पन भात दाबे. हाताच्या मुठीनं असा दाबे का कटोरी पालथी केली तं भात निंगे नाई. रुपा बोले तं म्हने, कटोरी एकच हाये ना? डाक्टरनं दाबू नोको म्हटलं का? मंग हळूहळू खरंच कमी केला. तरोट्याची भाजी, लाखोरीची दाल, जवारीची भाकर. तीन वर्सात शुगर हातात आली होती. सत्तर पार झाली होती तरी धानाची पेंढी उचले. म्हनून लोक जे लिवते का आजी मजबूत, थे साफ खोटंबी नाई. तिनं मेहनत केली होती.

व्हिडिओचं राखीनं सुरू केलं. राखी त्यायच्या गावची आशा वर्कर. तिले बायायले गोळा करून शुगर-बीपी सांगाव लागते, अन् बाया येत नाई, आल्या तं झोपते. एक दिवस मी रुपाकडं गेली होती, आमी दोघी छपरीत भांडून राहिलो, म्हंजे मस्करीतलं भांडन, अन् राखीनं पाहून घेतलं. म्हने, हेच बोला, फकत शुगरवर बोला. मंग आमी बोललो. मी म्हनाव, इहीन, तुयं तोंड गोड नाई अन् रक्त कसं गोड झालं? तिनं म्हनाव, तू आली का शुगर वाढते, तू चाल्ली का उतरते, डाक्टरले सांगतो का गोरी बंद करा, इचं येनं बंद करा. अन् मधात राखी पुसे का मंग गोरी कोनत्या टाइमाले घ्याची, अन् शकुनबाई बराबर सांगे. थे मोबाईलवर फिरलं. शहापूरच्या बाजारात एका बाईनं मले वरखलं, थे रक्त गोडवाली ना तुमी? गोडवाली ती, मी कडूवाली, मी म्हटलं.

लोकायले थे काहून आवडलं थे मले शकुनबाईनं सांगितलं. म्हने, टीव्हीत गोंड दिसला का रडत तरी असते नाई तं पिसं लावून नाचत तरी असते. घरात बसून इहिनीले शिव्या देनारा गोंड यायनं पाह्यलाच नाई.

मंग चैतात नागपूरचे लोक आले, पिक्चर काढाले. छोटा पिक्चर, अर्ध्या तासाचा, आदिवासी बायायच्या जिंदगीवर. चांगले लोक होते, मी त्यायले खराब नाई म्हनत. एक चश्म्यावाली पोरगी होती, थेच सांगे का कसं कराचं, आमाले आजी आजी करे. तिनं आमच्या डोक्यावर गुंड, म्हंजे घागरी, देल्ले अन् म्हने पान्याकडून चालत या. शकुनबाई म्हने, बाई, नळ हाये घरापुढं, दहा वर्स झाले, आमी गुंड कायले नेऊ? पोरगी म्हने, आजी, पिक्चरसाठी. मंग शकुनबाईनं पुसलं, पानी भरून आनाचं का खाली? पोरगी म्हने खाली चालते, वजन होईन. शकुनबाई म्हने, पाहा इहीन, खाली गुंड घेऊन पान्याकडून येनाऱ्या बाया, लोक म्हनन या गोंडायले पानीबी भरता येत नाई.

सारे हासले, थे पोरगीबी हासली. मंग ती हळूच म्हने, आजी, चप्पल काढाल का? चप्पल पडद्यावर खरी नाही वाटत.

"काहून, माझी चप्पल खोटी हाये का?" शकुनबाई म्हने. पन काढली. मीबी काढली.

दुपारचे बारा-एक वाजले असन. चैताचं ऊन, डांबर नरम झालेलं. मी चार पावलं चालली अन् उडाली. सात-आठ पावलं कशीतरी गेली अन् बाजूच्या गवतात जाऊन उभी झाली. शकुनबाई चालत राहिली. गुंड डोक्यावर, एक हात कमरेवर. राखी आपल्या मोबाईलवर आमची मजा काढून राहिली होती, थोच व्हिडिओ तुमी पाह्यला. मी गवतातून म्हटलं, अवो इहीन, पाय जरून राहिले का नाई तुये? तिनं मागं फिरून पाह्यलं अन् म्हने, मले तं काईच लागून नाई राहिलं, फुलावर चालून राहिली.

अन् मी म्हटलं, "तुले का लागन, तुये पाय नाई, म्हशीचे खुर हायेत."

एवढंच हाये थ्या व्हिडिओत. पुढं सारे हासते, राखीचाबी आवाज येते. पन पुढचं त्यात नाई. पुढं त्यायनं तिले अजून दोन डाव चालवलं, कारन एक डाव मधात बकरी आली अन् एक डाव ऊन-सावलीचं काई झालं. तीन डाव चालली ती. मले म्हनाले, आजी, तुमी राहू द्या.

आता खरं सांगतो. शुगरवाल्याच्या पायाची जान जाते, त्याले गरम, काटा, खिळा समजत नाई, हे राखीनं आमाले दोनदा सांगितलं होतं. आमीच त्याच्यावर व्हिडिओ करनार होतो. थ्या दिवशी राखीलेबी नाई आठवलं, मलेबी नाई. ती आपल्या तोंडानं सांगून राहिली होती का मले काई लागून नाई राहिलं. पन इहिनीचं बोलनं. इहिनीचं बोलनं आमी खरं धरतच नाई.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. मी करडीले वापस आली होती. इकडचं तिकडचं बोलली, माझ्या नवऱ्याची मस्करी केली, मंग म्हने, तळपायाले दोन फोड आले अन् फुटले, पन दुखत नाई, बेस हाये. मी म्हटलं, दुखत नाई तं कायले सांगून राहिली, सूनेकडून पाय दाबून घ्याचा असन तुले. ती हासली. मीबी हासली. तिनं फोन ठेवला.

आता मी थ्या फोनबद्दल गंज विचार करतो. ती कधी आपल्या दुखन्याचं नाव घेत नव्हती. घरी रुपाले नाई सांगितलं, धनंजयले नाई सांगितलं. फडकं बांधलं, हळद लावली, वरून मोजा घातला. उनारात मोजा पाहून रुपानं पुसलं तं म्हने, पिक्चरवाली झाली आता, पाय कारे पडते. साऱ्या दुनियेत तिनं मले सांगितलं, एकटीले. कशी सांगनार होती? तिच्यापाशी माझ्यासंग बोलाचा एकच रस्ता होता, अन् त्या रस्त्यानं आलेली गोठ मी घरात घेतलीच नाई.

दीड-दोन महिन्यानं वास आला तेव्हा रुपाले समजलं. भंडाऱ्याले नेलं, तिथून नागपूरले. आधी एक बोट काढलं, मंग पंजा. बावीस दिवस होती दवाखान्यात. मी गेली तेव्हा पंजा काढून तीन दिवस झाले होते. खाटेवर बसली होती, चादर पायावर. मले पाहून म्हने, आली का, माझी एक चप्पल घेऊन जाय, तुले दोन पाय हायेत पन अक्कल एकाचीच हाये.

  मी नुसती तिच्या चादरीकडं पाहात राहिली. तिचं तोंड उतरलं.

"काहून चूप झाली? बोल न काई."

मी बोलाले गेली अन् रडली. तिनं माझा हात धरला. चवदा वर्सात पह्यल्यांदा सरकी बोलली.

"निर्मला, तू रडली तं मले भेव वाटते. साऱ्या घरात तूच एक होती का मले बिमार नाई समजे."

मी तरी नाई सांगितलं तिले का मले माफ कर. सांगाले पायजे होतं. मी म्हटलं, चप्पल मोठी हाये तुई, माझ्या पायात नाई येत. ती हासली जराशी. मंग नर्स आली अन् मले बाहेर जा म्हने. पाच दिवसानं ती गेली, जहर अंगात पसरलं होतं म्हने.

तेरवीच्या दिवशी बाया जेवून गेल्या. धनंजय आंगनात मायचा मोबाईल घेऊन बसले होते. थो व्हिडिओ राखीनं तिच्याच मोबाईलवरून, तिच्याच नावानं टाकला होता. रुपा मले कानात म्हने का थे काढून टाकून राहिले. रोज नवीन लोक पाहते, खाली लिवते, आजीची तब्येत पाहा, शुगर नाई, बीपी नाई, अन् इकडं भित्तीवर तिच्या फोटोले हार. जवायाले थे सहन नाई होत.

आमच्या घरी सासू जवायासंग बोलत नाई असं नाई, पन हिशोबानं बोलते. पदर घेऊन, बाजूनं. जवायाले पुसाव लागते चहा घेता का, शेती कशी हाये, बस. मी चवदा वर्सात त्यायले याच्यापेक्षा जास्त बोलली नव्हती. मायसंग मस्करी, पोरासंग मान. थ्या दिवशी मी पदर घेतला अन् त्यायच्या पुढं जमिनीवर बसली. म्हटलं, बापू, काढू नोका.

थे म्हने, मामी, लोक माझ्या मायच्या बिमारीवर हासून राहिले.

मी म्हटलं, पह्यले मी हासली. मंग सारं सांगितलं. रोडवरचं, फोनवरचं, फोडाचं. म्हटलं, मले चौथ्याच दिवशी सांगितलं होतं तिनं.  मी वाट पाहून राहिली का आता हे मले घराबाहेर काढते. थे मोबाईल हातात फिरवत राहिले. मंग एकच बोलले.

"तुमाले तं सांगितलं. मले मस्करीतबी नाई सांगितलं."

त्यायच्या आवाजात राग नव्हता. माझ्यावर जळून राहिले होते, पोरगा मायसाठी जळते तसं. मी म्हटलं, बापू, ती हासते तशी दुसरीकडं कुठंच नाई. भित्तीवरच्या फोटोत तोंड बंद हाये. आधार कारडावर तं ती कोनी दुसरीच वाटते. मोबाईलवर तिचे दुसरे व्हिडिओ हायेत, पन त्यात राखीनं सांगितलेलं बोलते. मागं फिरून पाहून स्वताच्या मनानं बोलली थे याच एका व्हिडिओत हाये. थे जर गेलं तं मी कुठं जाऊ पाहाले? मी काई पान्याच्या काठावर जाऊन उभी राहू का?

तेव्हा थे म्हने, ठेवाचा असन तं खरं लिवा.

मले लिवाले दोन महिने लागले. लिवाले बसली का शकुनबाईच आठवे अन् मोबाईल ठेवून द्याव वाटे. काल रुपाकडं आली. पह्यले मी आली का आंगनातच शिव्या सुरू होत. आली का भुकी, घरी खाले नाई का, सून तं माझी हाये तू कायले घिरट्या घालते. अन् मी थैली खाली ठेवाच्या आधी उत्तर देत होती. काल जवाईबापू बाहेर आले, पानी देल्लं, या मामी, बसा म्हने, खुर्ची पुसून देल्ली. मोठ्या मानानं बसली मी थ्या खुर्चीवर. इतका मान मले नको होता.

जेवन झाल्यावर थे म्हने, मामी, पाय दाखवा. मी पाय आखडून घेतले. जवायानं सासूच्या पायाले हात लावाचा नसते आमच्यात, पाप लागते. मी रुपाकडं पाह्यलं, ती भांडे घासत होती, तिनं मान वर केली नाई, म्हंजे दोघायनं ठरवलं होतं. मले शुगर हाये का नाई मी कधी पाह्यलीच नाई. राखी म्हने तेव्हा मी म्हनाव, एका घरात एकच गोडवाली बस. लोकायले सांगत फिरली अन् आपलं बोट कधी टोचलं नाई.

थे खाली बसले, माझ्या पुढं. झाडूची एक काडी मोडून आनली होती, दवाखान्यात डाक्टरनं त्यायले दाखवलं होतं म्हने. म्हने, डोरे बंद करा, लागलं का सांगा. मी डोरे बंद केले. उजव्या पायाचं बोट, लागलं. दुसरं, लागलं. तिसरं, टाच, लागलं, लागलं. लाजनं माझं अंग गरम झालं होतं. मंग डाव्या पायाची वाट पाहात बसली. वाटलं, थे उठले असन, काडी मोडली असन.

"सुरू करा न बापू."

"केलं मामी. तीन बोटं झाले."

मी डोरे उघडले. काडी माझ्या बोटावरच होती. माझ्या तोंडात मस्करी आली होती, खरंच आली होती, खुराचीच काईतरी. मी थे गिळली. म्हटलं, नाई लागलं बापू, तिथं मले काईच नाई लागलं.

त्यायनं हात मागं घेतला. काडी बाजूले ठेवली. रुपा हात पुसत आली अन् माझ्या जवर बसली. अन् माझ्या मनात पह्यले का आलं सांगू, भेव नाई आलं. मनात आलं का आता शकुनबाईले फोन लावाव, सांगाव का इहीन, मलेबी. तिनं असं काई म्हटलं असतं का मी पोट धरून हासली असती, अन् फोन ठेवल्यावर रडली असती, अन् तिले समजलं असतं.

आज रविवार, दवाखाना बंद. दिवसभर बसून हे लिवलं. उद्या सकारी साडेसहाची बस हाये, जवाईबापू संग येनार हायेत.